विषम तारखांची गोळी

२७ जानेवारीला संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला. हिमोग्लोबिन ७.८. बाईचं ते किमान १२ असावं हे मला पाठ आहे, कारण आमच्या शाळेत दर आठवड्याला आठवी ते दहावीच्या मुलींना लोहाच्या निळ्या गोळ्या देण्याचं काम माझ्याकडे आहे. डबा खाऊन झाला की गोळी समोर गिळायला लावायची, रजिस्टरमध्ये खूण करायची, मळमळलं तर घाबरू नका म्हणून सांगायचं. सहा वर्षं हे करते आहे. स्वतःचं रक्त मात्र तीन वर्षांत तपासलं नव्हतं.

मी ४५ वर्षांची आहे. नागपुरात मानेवाड्याला राहते, गणित शिकवते. गर्भपिशवीत फायब्रॉइडच्या तीन गाठी, सगळ्यात मोठी सात सेंटिमीटरची. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इतकं अंगावरून जायचं की मी पूर्ण तास खुर्चीत बसून शिकवायचे आणि उठताना आधी मागे वळून खुर्ची बघायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या नववी ‘ब’पर्यंत जाताना जिन्याच्या वळणावर थांबावं लागायचं. वय झालं, झोप नाही, ऊन लागलं, असं काही ना काही कारण दर वेळी सापडायचं.

आणि कच्चे तांदूळ. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पर्समध्ये स्टीलची एक लहान डबी असायची, त्यात मूठभर तांदूळ. तास संपला की चिमूटभर तोंडात. घरी फ्रिजमधला बर्फ कडाकडा फोडून खायचे, तोही जानेवारीत. डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, “माती, खडू, बर्फ, तांदूळ, असं काही खावंसं वाटतं का हो?” मला रडू आलं. ती चटक नव्हती, लोहाच्या कमतरतेचं लक्षण होतं, त्याला पायका म्हणतात. गोळ्या सुरू झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत ती ओढ आपोआप गेली. हिमोग्लोबिन तेव्हा फारसं वाढलंही नव्हतं.

या मॅडमकडे आम्ही दुसरं मत घ्यायला गेलो होतो. आधी ज्या दवाखान्यात दाखवलं तिथे, दोन पिशव्या रक्त चढवू आणि परवाच गर्भपिशवी काढून टाकू, असं पाच मिनिटांत ठरलं होतं. हे, म्हणजे माझे मिस्टर, तयारही झाले होते. माझ्या मोठ्या नणंदेने थांबवलं आणि धंतोलीला या मॅडमकडे आणलं. त्या म्हणाल्या, “ऑपरेशन लागेल, पण आज जिवावर बेतलेलं नाही. मग अंगात रक्त भरून का येऊ नये तुम्ही? रक्ताच्या एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एकने वाढतं. ज्याला पर्याय नाही त्याला ते द्यावंच लागतं. तुम्हाला पर्याय आहे, आणि वेळही आहे.” १ मेला निकाल वाटायचा असतो, त्यामुळे ४ मे तारीख ठरली. तोवर हिमोग्लोबिन किमान १० हवं, ११ झालं तर फार छान, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

गोळ्या सुरू करण्याआधी दोन तपासण्या झाल्या. एक सिकलिंगची. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं, त्यामुळे इकडे ही तपासणी कोणाला नवी नाही. दुसरी हिमोग्लोबिनच्या प्रकारांची, थॅलेसेमिया, हाही रक्ताचाच आनुवंशिक आजार, आहे का ते बघायला, कारण माझ्या लाल पेशींचा आकार फार लहान आला होता आणि थॅलेसेमियातही तो लहानच येतो. तिथे लोह सहसा कमी नसतं, उलट साठत असू शकतं, आणि अशा माणसाने मनानेच लोहाच्या गोळ्या घेत बसणं नुकसानीचं. माझ्यात दोन्ही निघालं नाही. फेरिटिन मात्र ५ होतं. फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा. तो ३० च्या खाली गेला की कमतरता धरतात.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. एका पाळीत ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर ते जास्त मानतात. म्हणजे तेवढ्यातच ४० मिलिग्रॅम गेलं, आणि माझं त्याहून कितीतरी अधिक जात होतं. जेवणातून अंगी लागतं ते दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम, त्यातलंही रोजच्या झिजेत जवळपास एक जातंच. मॅडमनी एकूण तूट काढायचं सूत्रही सांगितलं होतं: वजन गुणिले हिमोग्लोबिनमधला फरक गुणिले २.४, त्यात साठ्यासाठी ५०० मिळवायचे. माझं वजन ५८ किलो. सूत्रात गाठायचं हिमोग्लोबिन १५ धरतात, म्हणून फरक १५ उणे ७.८, म्हणजे ७.२. उत्तर आलं सुमारे १,५०० मिलिग्रॅम. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, शेजारी बीट किसत होत्या. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. मी त्यांना ते सांगितलं नाही. कोशिंबीर खाल्ली, आणि गोळी घ्यायचीच हे त्या वहीवर नक्की केलं.

तरी पहिला महिना वाया गेल्यासारखा गेला, आणि त्याबद्दल मला नीट लिहायचं आहे. गोळी फेरस अॅस्कॉर्बेटची होती, १०० मिलिग्रॅम लोहाची, रोज एक, शक्यतो उपाशीपोटी. मी सकाळी उठल्या उठल्या घ्यायचे. तोंडात दिवसभर गंजक्या खिळ्याची चव. तासाभराने पोटातून ढवळून यायचं. चौथ्या दिवशी घराच्या फाटकातच उलटी झाली. छातीत जळजळ सुरू झाली, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अॅसिडिटीची गोळी आणली आणि तीही सोबतच घ्यायला लागले. हे म्हणाले, झेपत नसेल तर सोडून दे, सरळ रक्त चढवू. मुलांच्या वेळी, बाळंतपणात, मला अशाच गोळ्या दिल्या होत्या. तेव्हा मी आठवड्यातच सोडल्या होत्या आणि तपासायला गेले की ‘हो, घेते’ म्हणायचे. आमच्या स्टाफरूममध्ये अशा किती जणी आहेत हे मला माहीत आहे. त्रास होतो, लाज वाटते, डॉक्टर रागावतील असं वाटतं, आणि पाकीट कपाटात पडून राहतं. या वेळी मी सोडल्या नाहीत, पण त्रासाबद्दल फोनही केला नाही. चूक ती झाली.

२४ फेब्रुवारीला हिमोग्लोबिन ८.१. चार आठवड्यांत जेमतेम ०.३. मॅडम रागावल्या नाहीत. “घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पिशवी टेबलावर रिकामी केली. थायरॉइडची गोळी, कॅल्शियम, अॅसिडिटीची गोळी, लोहाची गोळी. “कधी कधी घेता?” मी म्हटलं, “सगळ्या सकाळीच. विसरायला नको म्हणून. आणि वर चहा.”

त्यांनी एकेक गोळी उचलून समजावलं. कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही. चहा-कॉफीतली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. दुधाचंही तसंच. लोह विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि मी तेच कमी करणारी गोळी सोबत घेत होते. शिवाय लोह थायरॉइडच्या गोळीलाही अडवतं, दोघींत चार तासांचं अंतर हवं, म्हणजे तिचंही नुकसान चाललं होतं. जे लोह अंगी लागत नाही ते आतड्यातच पडून राहतं, आणि मळमळ, पोट जड होणं, काळी संडास हा सगळा त्रास बराचसा त्या उरलेल्या लोहाचा असतो. त्रास पुरेपूर आणि रक्त शून्य, असं माझं का होत होतं ते मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी रोजची गोळी एक दिवसाआड केली. मी घाबरले. वेळ कमी असताना गोळ्या कमी? लोह पोटात गेलं की यकृत हेप्सिडिन नावाचं एक द्रव्य सोडतं, आणि ते पुढचा दिवसभर आतड्यातून लोहाचं शोषण कमी करतं. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह बरंच कमी लागू पडतं. दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतून जास्त मिळतं आणि त्रासही कमी. त्यांनी हे मला वक्ररेषा काढून दाखवलं. मी विषम तारखा धरल्या. फक्त ३१ मार्च आणि १ एप्रिल दोन्ही विषम, तिथे एक दिवस सोडायचा, असं कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलं.

वेळापत्रक मी शाळेसारखंच आखलं आणि फ्रिजवर लावलं. सहाला थायरॉइड. सातला चहा, आठला पोहे किंवा उपमा. आमची शाळा दुपारची, त्यामुळे सव्वादहाला लोहाची गोळी घेता यायची, थायरॉइडपासून चार तास होऊन. अगदी रिकाम्या पोटी मला ती झेपत नव्हती, तर मॅडमनी सोबत अर्धी कोरडी पोळी खायला सांगितली. थोडं कमी शोषलं गेलं तरी चालेल, पण उलटून पडायला नको. गोळीबरोबर संत्र्याचा रस. फेब्रुवारी-मार्च म्हणजे मृग बहाराच्या संत्र्यांचे दिवस, मानेवाडा चौकात ढीग लागलेले असतात, आणि संत्र्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. नागपूरच्या बाईला यापेक्षा सोपं काय असणार? गोळी पूर्ण पेलाभर पाण्याने घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जळजळ करते. माझी जळजळ एवढ्यानेच थांबली, अॅसिडिटीची गोळी सुटली. कॅल्शियम ऑपरेशनपर्यंत बंद. स्टाफरूममधला बाराचा चहा पावणेएकला सरकवला, आणि तो मला खरंच जड गेला.

बद्धकोष्ठ मात्र वेळापत्रकाने हटलं नाही. याबद्दल बायका बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. तीन-तीन दिवस पोट साफ व्हायचं नाही. जोर करून रक्त आलं, मूळव्याध बाहेर आली. ज्या बाईचं आधीच रक्त जातंय तिला हे आणखी. मॅडमनी विचारलं, पाणी किती पिता? मी खरं सांगितलं: शाळेत असते तेवढा वेळ एक घोट नाही. कारण आमच्या शाळेत बायकांसाठी जे एक बाथरूम आहे त्याची कडी लागत नाही आणि दुपारनंतर नळाला पाणी नसतं. आम्ही अकरा जणी वर्षानुवर्षं न पिऊन भागवतो. नागपूरचा मार्च, पारा चाळिशीकडे चाललेला, त्यात लोहाची गोळी आणि पाणी नाही, तर दुसरं काय होणार? मी मुख्याध्यापकांकडे गेले. ‘रक्तवाढीच्या गोळ्या घेते आहे, पाणी प्यावं लागतं, बाथरूम नीट हवं’ असं सरळ सांगितलं. कडी दोन दिवसांत लागली. पाण्यासाठी ड्रम ठेवला. इतकी वर्षं हे कोणी मागितलं नव्हतं, मीही नाही, याचं वाईट वाटतं.

मग दोन लिटरची बाटली सोबत. रात्री दहाला कोमट पाण्यात ईसबगोल, पण लोहाच्या गोळीपासून दूर, कारण तो चोथाही लोहाला धरतो. सकाळी भिजवलेल्या काळ्या मनुका, एक अंजीर, संध्याकाळी पपई. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी आमच्याकडे असतेच. जेवण झाल्यावर गल्लीत पंधरा मिनिटं चालणं. एवढं करूनही आठवड्यातून एखादा दिवस अडायचाच, त्या रात्री लॅक्टुलोजचं औषध पंधरा मिलिलिटर. दहाव्या-बाराव्या दिवशी फरक पडला. लगेच नाही.

आईंचं म्हणणं वेगळं होतं. “काहून घेऊन राहिली गं या गोळ्या? उष्ण असतात बाप्पा. म्हणूनच पोट बांधलं तुझं.” त्या रोज मला सब्जा भिजवून द्यायच्या. मी तो प्यायचे. सब्जाने पोटाला बरंच वाटायचं आणि त्यांनाही बरं वाटायचं. त्यांच्या आळिवाच्या लाडवांनाही मी नाही म्हटलं नाही. मॅडमचं म्हणणंही तेच होतं: हे सगळं खा, पण गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला.

संडास काळी होते हे मला माहीत होतं, मुलींना मीच सांगते, तरी पहिल्यांदा स्वतःची बघून हात थरथरले. लोहाने होते ती काळी-हिरवट आणि बांधलेली असते. डांबरासारखी चिकट, घाण वास येणारी झाली, सोबत चक्कर किंवा पोटदुखी असली, तर ते आतलं रक्त असू शकतं, तेव्हा थांबायचं नाही, सरळ दवाखाना. हा फरक मॅडमनी सांगितला, आणि तेव्हापासून मी शाळेतही मुलींना तो सांगते.

२४ मार्चला ९.२. मला वाटलं, जिंकलो. पण महिनाअखेरीस पाळी आली आणि सहा दिवस थांबेना. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या चालू होत्या, तरीही. ३ एप्रिलला परत ८.९. एक महिना हातात. मॅडम म्हणाल्या, तोंडाने जेवढं जातंय तेवढं गाठींमुळे बाहेर जातंय, आता शिरेतून देऊ. भूल देणाऱ्या डॉक्टरांचंही तेच मत पडलं.

५ एप्रिलला सकाळी गेले. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज, १,००० मिलिग्रॅम, सलाईनमध्ये. पातळ कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसतं. सिस्टर माझ्या हातावरची सुई दर दोन-तीन मिनिटांनी बघत होत्या. हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो जाता जात नाही. जळजळ वाटली तर लगेच सांगा, सहन करू नका, असं त्या दोनदा म्हणाल्या. वीस मिनिटांत संपलं. नंतर अर्धा तास बसवून ठेवलं, दोनदा बीपी घेतलं, कारण क्वचित रिअॅक्शन येते ती सहसा याच वेळात. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, डोकं दुखलं, ताप आल्यासारखं झालं. एका दिवसात गेलं. तोंडातून घ्यायची गोळी बंद. पोट आठवड्याभरात पूर्ववत झालं.

यासाठी काही हजार रुपये लागले. मग आधीच का नाही दिलं, असं यांनी विचारलं. माझ्या मते आधी गोळ्याच बरोबर होत्या. तीन महिने हातात होते, आणि तो वाया गेलेला पहिला महिना नीट गेला असता तर कदाचित सुईची वेळ आलीच नसती. पण हातात दोन-चार आठवडेच असतील किंवा गोळी पोटात ठरतच नसेल, तर ‘शिरेतून देता येईल का’ हे विचारायला अजिबात संकोच करू नये.

२८ एप्रिलला ११.१. मी तो आकडा कॅलेंडरवर त्याच लाल पेनाने लिहिला. विशेष म्हणजे त्या दिवसांत, ४३ अंशांच्या उन्हात, पेपर तपासून मी नववी ‘ब’पर्यंत न थांबता चढले होते आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या सोबत शिकवणाऱ्या एका बाईंनी ते दाखवून दिलं.

४ मेला ऑपरेशन झालं. रक्ताची एक पिशवी राखून ठेवली होती, ती लागली नाही. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन १०.२. टाके असताना जोर करायचा नाही, म्हणून लॅक्टुलोज पहिल्याच रात्री मी स्वतःहून मागून घेतलं. दोन आठवड्यांनी लोहाची गोळी परत सुरू झाली, दिवसाआड, तीन महिन्यांसाठी, साठा भरायला. ३१ मे आणि १ जूनलाही तोच घोळ होता, तेव्हा १ जून सोडला.

टाके काढायला गेलो तेव्हा आई सोबत होत्या. बाहेर बसल्या बसल्या मी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, अगदी पांढरी. त्या एकाहत्तर वर्षांच्या. आयुष्यभर सगळ्यांचं जेवण झाल्यावर ताटात जे उरेल ते खाल्लं. रक्त तपासलं तर ९.४ निघालं. मी म्हटलं, माझ्याच गोळ्या देऊ का? मॅडमनी थांबवलं. या वयात पाळी नाही, मग लोह जातंय कुठून ते आधी शोधायचं, पोटातून-आतड्यातून तर जात नाही ना, गोळ्या त्यानंतर. शुक्रवारची वेळ मिळाली आहे. आई म्हणतात, “माझं काय आता, कशाला खर्च करून राहिली?” मी त्यांची सगळी औषधं एका पिशवीत घालून ठेवली आहेत.